होडीत वाद्य घ्यायचं की माणूस? ऐतिहासिक गेम लिहिणाऱ्यांसाठी

आमच्या गेमचा पहिला प्रोटोटाइप चालू केला तेव्हा पडद्यावर १६६६ सालचं लंडन होतं, नदीवर धुकं होतं आणि मागे सेंट पॉल्स या मोठ्या चर्चचा भलामोठा घुमट दिमाखात उभा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन दिवसांनी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, की तो घुमट तिथे असूच शकत नाही. तो आगीनंतरचा. त्याचं बांधकाम सुरू झालं १६७५ मध्ये आणि संपलं १७१० च्या सुमारास. आम्ही गेम करत होतो लंडनच्या महाआगीवर, आणि त्या आगीत जळालेलं सेंट पॉल्स वेगळंच होतं. त्याला घुमट नव्हता, चौकोनी मनोरा होता. मनोऱ्यावरचा उंच कळस १५६१ मध्येच वीज पडून गेला होता. आणि १६६६ मध्ये इमारतीला दुरुस्तीसाठी लाकडी परांची बांधलेली होती.

सकाळी मी हे सांगितलं तर आमचा आर्टिस्ट म्हणाला, “घुमट काढला तर लोकांना लंडन ओळखू कसं येणार?”

प्रश्न रास्त होता. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर जो कळस दिसतो, तो प्रत्यक्षात १८५९ मध्ये चढवला गेला. २०१९ च्या आगीत जगानं कोसळताना पाहिला, तोच. क्रांतीच्या आधीच जुना कळस उतरवायला घेतला होता. पण कळसाशिवायचं नोत्र दाम खेळाडूला अर्धवट वाटलं असतं. मी त्या मंडळींना दोष देत नाही, कारण त्यांच्याकडे ती चढण्याची जागा आहे. कळस असो वा नसो, क्रांती व्हायची तशी होते.

आमचं तसं नव्हतं. आमच्या गोष्टीत ते चर्च जळणार होतं, आणि जळण्यात परांचीचा मोठा हात होता. दगडी इमारत म्हणून लोक तिच्या भरवशावर राहिले. पुस्तकविक्रेत्यांनी आपला माल खालच्या तळघरातल्या सेंट फेथ्समध्ये नेऊन रचला. ४ सप्टेंबरला परांचीनं पेट घेतला, आग छपराच्या लाकडांत शिरली, छपराचं शिसं वितळून रस्त्यांवरून वाहू लागलं, आणि पुस्तकांचीही राख झाली. घुमट ठेवला असता तर यातलं काहीच सांगता आलं नसतं. घुमट काढला, परांची चढवली. त्या परांचीवर आमचा एक अख्खा लेव्हल उभा राहिला.

या विषयावर बोलणं निघालं की कुणीतरी तराजू बाहेर काढतं. एका पारड्यात इतिहास, दुसऱ्यात गोष्ट, आणि काटा मधे आणायचा. आठ वर्षं गेम लिहितेय, पण मला हा तराजू कधी वापरता आला नाही. ‘किती खरं?’ या प्रश्नानं हाती काही लागत नाही. ‘कुठलं खरं, आणि ते गेममध्ये ठेवायचं कुठे?’ असं विचारलं की निदान कामाला लागता येतं. पुढे सगळी उदाहरणं मी शक्यतो याच एका गेममधून देणार आहे, कारण त्यातल्या चुका मला तोंडपाठ आहेत.

आधी तुळया शोधा

कागदावर एकच प्रश्न लिहा: ही घटना अशीच का घडली? उत्तरात चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त येऊ देऊ नका. लंडनच्या आगीसाठी माझ्या कागदावर चार होत्या. कोरडा उन्हाळा आणि खेटून बांधलेली लाकडी घरं. पूर्वेकडून आलेला जोराचा वारा. घरं पाडून आगीची वाट तोडायला महापौरानं केलेला उशीर. आणि आग विझवण्यापेक्षा आपापलं सामान वाचवण्यात गुंतलेली माणसं.

या झाल्या तुळया. बाकीचा गिलावा. कुठली गोष्ट तुळई आणि कुठली गिलावा हे ओळखायचं साधं आहे: ती मनातल्या मनात काढून टाका आणि घटना तरीही तशीच घडते का ते बघा. आग जिथून सुरू झाली त्या पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत भट्टी डाव्या हाताला होती की उजव्या, यानं काही बिघडत नाही. भट्टी लेव्हल डिझायनरला हवी तिथे सरकवू द्या. पण महापौराला हात लावलात तर सगळं छत खाली येतं.

मी हात लावला होता. महापौर थॉमस ब्लडवर्थ पहिल्या रात्री आग बघायला आला आणि ‘ही तर एखादी बाई मुतून विझवेल’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून घरी झोपायला गेला, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. लेखकाला असं वाक्य म्हणजे आयतं घबाड. पहिल्या मसुद्यात मी त्याचा पार विदूषक केला: दारू प्यायलेला, जाडा, मूर्ख. प्लेटेस्टला, म्हणजे बाहेरच्यांना गेम खेळायला देऊन बघतो तेव्हा, लोक खूप हसले. नंतर एका मुलीनं सहज विचारलं, “म्हणजे हा शहाणा असता तर शहर वाचलं असतं?” आणि मला कळलं की माझ्या गेमनं तिला एक चुकीचं कारण शिकवलं आहे. ब्लडवर्थची अडचण मूर्खपणाची नव्हती, निदान नुसत्या मूर्खपणाची नव्हती. मालकांच्या संमतीशिवाय घरं पाडली तर ती परत बांधायचा खर्च कुणाच्या अंगावर पडणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. दिवस उजाडल्यावर दुपारी सॅम्युएल पीप्स या रोजनिशी लिहिणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला तो रस्त्यात भेटला तेव्हा गळ्यात रुमाल बांधलेला, थकून गेलेला माणूस होता. लोक माझं ऐकत नाहीत, आम्ही घरं पाडतोय पण आग आमच्यापेक्षा पुढे पळतेय, असं तो पीप्सला सांगत होता. हे पीप्सच्या रोजनिशीत आहे. मी दोन्ही ठेवलं: रात्रीचं ते वाक्य आणि दुपारचा तो रुमाल. मधे एक प्रसंग घातला, ज्यात एक घरमालक दारात आडवा उभा राहतो आणि ‘लिहून द्या’ म्हणतो. तो घरमालक माझा. पण ज्या भीतीपोटी तो उभा आहे, ती त्या काळची.

याच्या उलट टोकाला असतात लोकप्रिय शेवट. आमच्यातल्या एकाला फार वाटत होतं, की आगीनं १६६५ ची प्लेगची साथ संपवली, शहर शुद्ध झालं, असा शेवट करावा. सुंदर आहे, सगळ्यांना ठाऊकही आहे. पण साथ आगीच्या आधीच ओसरली होती, आणि प्लेगनं सर्वांत जास्त माणसं जिथे नेली ती तटाबाहेरची गरीब वस्ती बरीचशी जळलीच नाही. इथे मी माझी नेहमीची कसोटी लावते: हे खोटं खेळाडू घरी घेऊन जाईल का? भट्टीची जागा कुणी घरी नेत नाही. ‘आगीनं प्लेग संपवला’ हे मात्र तो पुढच्या दहा जणांना सांगेल, आणि शिवाय म्हणेल, मी त्यावरचा गेम खेळलोय.

काळाबद्दल एक नियम मी स्वतःपुरता केला आहे. काळ आखडता येतो, क्रम हलवायचा नाही. लांब काठीच्या आकड्यानं घर ओढून पाडायला पाच-सात जणांना बराच वेळ लागत असणार. आमच्याकडे वीस सेकंदांत पडतं. चालतं. पण राजाचा हुकूम घरं पाडण्याआधी आला की नंतर, यात मागेपुढे केलं की कारणाच्या जागी परिणाम जाऊन बसतो.

वही

तिला मी नुसतं वही म्हणते. असते स्प्रेडशीट. गेममध्ये दिसणारी, ऐकू येणारी प्रत्येक गोष्ट एका ओळीत. निळा रंग म्हणजे समकालीन साधनात सापडलेलं, आणि शेजारी पान किंवा तारीख. पिवळा म्हणजे सापडलं नाही, पण त्या काळाला धरून आहे. लाल म्हणजे मी रचलेलं. चौथा रकाना महत्त्वाचा: ‘हे चुकलं तर कुणावर अन्याय?’ बहुतेक ओळींत तो रिकामा राहतो. जिथे भरतो तिथे मी दोनदा वाचते.

वहीचा खरा फायदा भांडणात होतो. प्रोग्रॅमर म्हणतो हे काढ, तुम्ही म्हणता हा इतिहास आहे. वही उघडली की निम्म्या वेळा दिसतं, की ज्यासाठी तुम्ही जिवाचं रान करताय ती ओळ पिवळी आहे. मुकाट्यानं काढायची.

तारखांचं एक विसरू नका. त्या वेळी इंग्लंड जुन्या कॅलेंडरवर होतं आणि फ्रान्स नव्या. लंडनमध्ये रविवार २ सप्टेंबर होता तेव्हा पॅरिसमध्ये १२ सप्टेंबर होता. आमच्या एका पात्राला फ्रान्समधून आलेलं पत्र ते लिहिण्याच्या आधीच मिळत होतं की काय, या गोंधळात माझी अख्खी दुपार गेली.

खरं नियमांत घाला

लेखकाचा हात सवयीनं संवादाकडे जातो. काही सांगायचं असलं की तो कुणाच्या तरी तोंडी घालतो. गेममध्ये ही सगळ्यांत वाईट जागा आहे, कारण संवाद गाळायचं बटण खेळाडूच्या अंगठ्याखाली असतं. नियम गाळता येत नाहीत. खेळाडू हातानं जे करतो ते त्याच्यापाशी राहतं.

ही युक्ती नवी नाही. १९७१ मध्ये डॉन रॉविट्श आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘द ओरेगन ट्रेल’ हा अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्यांच्या वाटेवरचा गेम शाळेतल्या मुलांसाठी केला. तीन वर्षांनी रॉविट्श यांनी तो पुन्हा हातात घेतला, तेव्हा त्या वाटेनं प्रत्यक्ष गेलेल्या लोकांच्या रोजनिशा वाचल्या, आणि आजारपण, वादळ, मोडलेलं चाक यांची शक्यता त्या नोंदींवरून ठरवली. म्हणजे तिथे इतिहास शब्दांत नव्हता, फाशात होता. २०१८ च्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये १४०३ मधल्या बोहेमियातला लोहाराचा मुलगा हेन्री निरक्षर आहे. पुस्तक उघडलं तर अक्षरांची खिचडी दिसते. वाचायला शिकेपर्यंत ती तशीच राहते. मध्ययुगात बहुतेकांना वाचता येत नव्हतं हे वाक्य कुठेही लिहावं लागत नाही. पहिल्या महायुद्धावरच्या ‘बॅटलफील्ड १’च्या सुरुवातीला तुम्ही मरता तेव्हा पडद्यावर एक नाव आणि जन्ममृत्यूची सालं येतात, आणि तुम्ही पुढच्या सैनिकाच्या अंगात जाता. त्या गेममध्ये पुढे स्वयंचलित बंदुकांची चंगळ आहे आणि जाणकार त्यावर कुरकुर करतात. पण ती पहिली काही मिनिटं कुणी विसरत नाही.

आता आमच्या दोन गोष्टी, जरा सविस्तर.

पहिली घड्याळाची. प्रोग्रॅमरनं पडद्याच्या कोपऱ्यात टायमर लावला होता, मिनिटं आणि सेकंद. माझ्या डोळ्यात तो सलत होता, पण का ते सांगता येत नव्हतं. मग वाचनात आलं, की त्या काळच्या खिशातल्या घड्याळांना सहसा एकच काटा असे, तासाचा. मिनिटं सांगण्याइतकी ती घड्याळं अचूक झाली १६७५ नंतर, आतल्या स्प्रिंगमध्ये सुधारणा झाल्यावर. आणि आमचा नायक नावाडी, त्याच्याकडे तेही नाही. त्याला वेळ कळणार चर्चच्या घंटांवरून. टायमर काढला. प्रत्येक चर्चच्या घंटेला वेगळा सूर दिला, आणि आवाज ज्या त्या दिशेनं येईल असं केलं. पहिल्या रात्री कान नुसते भरून जातात. मग चर्चं जळायला लागतात. त्या आगीत ८७ पॅरिश चर्चं गेली. जळलेल्या चर्चची घंटा वाजत नाही, एवढा एकच नियम प्रोग्रॅमरला सांगितला होता. मंगळवारपर्यंत खेळाडूला वेळ सांगणारं जवळजवळ काही उरत नाही. प्लेटेस्टमध्ये एकानं मधेच हेडफोन काढून विचारलं, “आवाज गेला का?” मी नाही म्हटलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं, हेडफोन परत चढवले आणि पुढचा बराच वेळ काही बोलला नाही.

(ज्यांना ऐकू येत नाही किंवा जे आवाज बंद करून खेळतात, त्यांचं काय, हे आम्हाला उशिरा सुचलं. आता घंटा वाजली की नदीच्या पाण्यावर त्या दिशेकडून एक तरंग येतो. खरं तर तो सगळ्यांसाठीच आधीपासून हवा होता.)

दुसरी गोष्ट वाद्याची. पीप्स त्या रविवारी नदीवर होता. घरसामान लादलेल्या दर तीन होड्यांमागे एकीत तरी व्हर्जिनल दिसत होतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. व्हर्जिनल म्हणजे लाकडी खोक्यातलं, पट्ट्या दाबून तारा छेडायचं वाद्य, चांगलंच जड. हे वाचून मी खुर्चीतून उठले. शहर जळतंय आणि लोक वाद्य वाचवतायत! यावर भाषण लिहिता आलं असतं. लिहिलं होतंच, एका म्हाताऱ्या नावाड्याच्या तोंडी, ‘बघ पोरा, माणसं कशी असतात’ छापाचं. काढून टाकलं.

त्याऐवजी होडीत आठ जागा ठेवल्या. एका माणसाला एक जागा, व्हर्जिनलला तीन. धक्क्यावर कुटुंब उभं आहे, वाद्य घेतलं नाही तर होडीत पाय ठेवणार नाही म्हणतं, आणि भाडं दुप्पट देतं. मागे पायऱ्यांवर बिनपैशाची माणसं उभी आहेत. भाडं किती मागायचं हे खेळाडू ठरवतो. त्या चार दिवसांत होडीवाल्यांनी आणि गाडीवाल्यांनी अडलेल्यांकडून वाटेल ते भाडं उकळलं, हे निळ्या रंगात आहे. आमच्या गेममध्ये लोभी नावाडी नावाचं पात्र नाही. ते खेळाडूनं व्हायचं किंवा न व्हायचं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळेच वाद्य घेतात, कारण पैसे मिळतात आणि आग लांब आहे. एका खेळाडूनं तिसऱ्या खेपेला मधल्या प्रवाहात बटणं बडवायला सुरुवात केली. काय करतोयस विचारलं तर म्हणाला, “हे पाण्यात ढकलायचंय, बटण कुठलं?” बटण नव्हतं. त्या आठवड्यात घातलं.

तुमच्या विषयात असं व्हर्जिनल शोधा. ते मोठ्या इतिहासग्रंथाच्या प्रकरणांत क्वचित मिळतं. रोजनिशा, पत्रं, खटल्यांचे कागद, मालाच्या याद्या, हिशेबाच्या वह्या, इथे मिळतं. ओळखायचं कसं? त्यात कुणाला तरी काहीतरी निवडावं लागलेलं असतं, आणि त्या निवडीला वजन किंवा किंमत असते. वजन असलं की नियम होतो. पीप्सनं त्याच पानावर कबुतरांबद्दलही लिहिलंय: घर सोडवेना म्हणून खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहिली आणि पंख होरपळून पडली. जीव हलतो, पण त्याचा नियम होईना. ती कबुतरं पार्श्वभूमीला आहेत, कुणी बघितली तर बघितली.

कुणाच्या अंगात शिरायचं

मोठ्या माणसाच्या नाही. राजाच्या, सेनापतीच्या हालचाली तारीखवार नोंदलेल्या असतात. खेळाडूला डावीकडे वळायचं असतं आणि इतिहास म्हणतो हा उजवीकडे गेला. छोट्या माणसाची नोंद नसते, म्हणून तो मोकळा असतो. पीप्सकडे रोजनिशी होती, दरबारात शिरायची सोय होती, सामान हलवायला मित्रांच्या गाड्या होत्या. त्याला पलीकडे नेणाऱ्या नावाड्यानं काय पाहिलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुमची कल्पना शिरायला हीच जागा आहे.

मात्र ही मोकळीक फुकट मिळत नाही. नावाडी झालात तर भरती-ओहोटी आली, लंडन ब्रिजच्या अरुंद कमानींखालून ओहोटीला जाण्यातला धोका आला, धंद्याची उमेदवारी आली. मी दोन महिने आगीपेक्षा नदीबद्दल जास्त वाचत होते. ते गेममध्ये फारसं दिसत नाही, पण त्यामुळे तो पोरगा आजचा माणूस जुने कपडे घालून फिरतोय असं वाटत नाही.

बोलणं

‘जाहला’, ‘करोनि’, ‘आज्ञा असावी’ लिहून काळ उभा राहत नाही. सगळेच दरबारात उभे असल्यासारखे वाटतात, बेकरीवालासुद्धा. साधी आजची भाषा लिहा आणि त्यातून त्या काळाकडे नसलेल्या गोष्टी वेचून काढा. शब्द काढणं सोपं आहे. ‘एक मिनिट थांब’ गेलं, ‘शंभर टक्के’ गेलं. खरा घात करतात ते वाक्प्रचार, कारण ते आपल्याला दिसतच नाहीत. माझा नावाडी आईला धीर देताना म्हणायचा, “काळजी करू नको, सगळं रुळावर येईल.” रूळ! रेल्वे यायला अजून दीडशे वर्षं होती. हे वाक्य चार मसुद्यांत टिकलं, तीन जणांनी तपासलं, आवाजही रेकॉर्ड झाला. शेवटी सापडलं तेव्हा कलाकाराला परत बोलवावं लागलं. आता तो म्हणतो, “पाणी उतरलं की तळ दिसतो.” नावाड्याच्या तोंडी ते शोभतंही. पात्राचा धंदा ठरला की त्याच्या उपमा त्याच धंद्यातून काढायच्या. कालविपर्यास आपोआप कमी होतात.

२०२२ च्या ‘पेंटिमेंट’नं याहून पुढची युक्ती केली. सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात कोण बोलतंय त्याप्रमाणे संवादाचं अक्षरवळण बदलतं. मठातल्याचं वेगळं, शेतकऱ्याचं वेगळं, छापखानावाल्याचं वेगळं. नायकाला समोरच्याच्या शिक्षणाबद्दल नवं काही कळलं की त्याचं अक्षर डोळ्यांदेखत बदलतं.

सैल गेमही चालतो, पण आधी सांगा

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त १२७४ च्या मंगोल आक्रमणात नायक बसून हायकू रचतो. हायकू हा प्रकार त्यानंतर काही शतकांनी आकाराला आला. चिलखतं आणि तलवारीही बऱ्याचशा नंतरच्या काळाला शोभतील अशा. तरी मला त्यात फसवणूक वाटली नाही. तो गेम पहिल्यापासून सांगतो, की मी सामुराई चित्रपटांच्या जगात आहे. कृष्णधवल चित्रासाठी त्यात सामुराईपट करणाऱ्या जपानी दिग्दर्शकाच्या नावाचा चक्क ‘कुरोसावा मोड’ आहे. राग येतो तो एका तोंडानं ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडानं वाटेल ते करायचं, याचा. तुमचा गेम किती सैल आहे, ते पहिल्या दहा मिनिटांत खेळाडूला जाणवू द्या. वेशात, बोलण्यात, एखाद्या उघड थापेत.

ज्याला हात लावायचा नाही

आगीला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. इंग्लंडचं डचांशी आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होतं, रस्त्यावर परदेशी माणूस दिसला की जमाव धरून मारत होता. अशात रॉबर्ट ह्युबर्ट नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीनं कबुली दिली, की आग मी लावली. आधी म्हणाला वेस्टमिन्स्टरमध्ये लावली, जिथे आग पोचलीच नव्हती. मग म्हणाला बेकरीच्या खिडकीतून आगीचा गोळा टाकला. त्याचं डोकं ठिकाणावर नाही हे न्यायालयातल्यांना कळत होतं. ज्याच्या भट्टीपासून आग सुरू झाली त्या फॅरिनरच्या घरच्यांच्या सह्या आरोपपत्रावर होत्या. ऑक्टोबर १६६६ मध्ये ह्युबर्टला फाशी दिलं. नंतर निष्पन्न झालं, की तो लंडनमध्ये आला तोच आग लागल्यावर दोन दिवसांनी.

हे वाचलं त्या क्षणी मला माझ्या गोष्टीचा कणा मिळाला. त्याला बोटीवरून धक्क्यावर आणणारी होडी आमच्या नायकाची! म्हणजे खेळाडूला ठाऊक आहे. हे वहीत लाल आहे, ठसठशीत लाल. चौथा रकाना मी बराच वेळ बघत बसले. अन्याय होतो का? ह्युबर्टवर नाही. तो निर्दोष होता हे निळ्यातच आहे, मी फक्त साक्षीदार रचला.

मग डिझायनर म्हणाला, साक्ष द्यायचा पर्याय हवाच. दिला. खेळाडू कोर्टात जातो, बोलतो, आणि फाशी होतेच. लोक भडकले, आणि बरोबरच होतं. बटण दाखवायचं आणि त्याला दोर बांधायचा नाही, ही लबाडी आहे. दुसऱ्या खेपेला ह्युबर्ट वाचेल असं करून पाहिलं. प्लेटेस्टचे आकडे उत्तम आले. मला ते पचलं नाही. जिवंतपणी ज्याचं कुणी ऐकलं नाही त्याला साडेतीनशे वर्षांनी पडद्यावर सोडवून आपण आपलंच समाधान करून घेतो, आणि खेळाडू ‘बरं झालं’ म्हणत उठतो.

शेवटी कोर्टाचा लेव्हलच काढला. नावाड्याला कुणी बोलावत नाही, इतकंच. खेळाडूला जे करता येतं ते धक्क्यावर: रोजच्या उतारूंपैकी कुणाला ही गोष्ट सांगायची आणि कुणापुढे गप्प बसायचं. सांगितलं तर काही गिऱ्हाइकं तुटतात, एकदा दगड पडतो. ठरलेला शेवट असलेल्या गेममध्ये निवड अशी कडेला सरकवावी लागते. आग कुणी थांबवू शकत नाही, फाशी कुणी टाळू शकत नाही. होडीत कोण बसलं आणि तू कुणाला काय सांगितलंस, हे मात्र तुझं.

ह्युबर्टच्या तोंडी शब्द घालताना मी कधी नव्हे इतकी अडले. खऱ्या माणसाच्या तोंडी रचलेलं वाक्य मी एरवी घालते, ब्लडवर्थला भरपूर दिली आहेत. पण ज्याचा जीव त्याच्याच खोट्या शब्दांनी गेला त्याला आणखी खोटे शब्द द्यायचे? आमच्या गेममध्ये तो होडीत बसतो, नदीकडे बघतो, बोलत नाही. कबुली बाहेर लोकांच्या तोंडून ऐकू येते, दर वेळी बदललेली. एका परीक्षणात लिहिलंय, की हे पात्र नीट लिहिलेलं नाही. असेल.

गेम संपल्यावर वही उघडते, खेळाडूला हवी असेल तर. ‘पेंटिमेंट’नं श्रेयनामावलीत वाचलेल्या पुस्तकांची यादी दिली आहे. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन लाल ओळीही दाखवतो: हा घरमालक आमचा, ही होडी आमची, ही आठ जागांची मोजणी आमची. विक्री सांभाळणारे घाबरले होते, की थापा कबूल केल्या तर लोकांचा विश्वास उडेल. उलट सगळ्यांत जास्त पत्रं त्या यादीबद्दल आली, आणि त्यातल्या निम्म्यांत माझी एकेक नवी चूक होती.

शेवटचा प्रसंग १६८१ मधला आहे. आगीच्या स्मारकावर त्या वर्षी कॅथलिकांना दोष देणारा मजकूर कोरला गेला. तो कायमचा पुसायला १८३० साल उजाडलं. नावाडी आता प्रौढ झालाय, पाटीसमोर उभा आहे. गेममध्ये मधे कधी वाचायला शिकला असेल तर अक्षरं लागतात, नाहीतर नुसते दगडावरचे ओरखडे दिसतात. शेजारी कुणीतरी विचारतं, “काय लिहिलंय?” पडद्यावर बटण येत नाही. खेळाडू हवा तितका वेळ उभा राहू शकतो. आसपास नव्यानं बांधलेल्या चर्चच्या घंटा ऐकू येतात, आणि आम्ही त्यांची संख्या मुद्दाम पहिल्या रात्रीपेक्षा कमी ठेवली आहे.